जनरेटर दीडला बंद झाला

वदीअ हा झाहले गावातला माझा जुना विद्यार्थी. बायको नुहाद गेल्यावर तिचा ध्वनिमुद्रित आवाज त्याने एका चिमुकल्या लिनक्स संगणकाच्या मेमरी कार्डात जपला होता. परवा सरकारी वीज अचानक गेली आणि ते कार्ड बिघडले.

“आधी प्रत, मग दुरुस्ती, हे तूच सगळ्यांना शिकवतोस ना रे?” मी विचारले.

“हो उस्ताद. पण प्रतीला तीन तास लागतात, आणि गल्लीला वीज विकणारा जनरेटर दोनला बंद होतो. तेव्हा एक वाजला होता. दुरुस्ती अर्ध्या तासाची. म्हटलं, उरकून टाकू.”

“मग?”

“डिझेल वाचवायला त्या कंजूष जनरेटरवाल्याने आज दीडलाच बंद केला. दुरुस्ती मध्येच तुटली.”

वीज आल्यावर कार्डात शेकडो निनावी फायली सापडल्या. तो एकेक लावून ऐकत होता. आतापर्यंतच्या सगळ्या मुक्या.

“तुम्ही जा उस्ताद. अजून दोनशे राहिल्यात.”