बर्फाच्या कप्प्यातली बाटली

तुळशीदास गावडे सावंतवाडीकडचा. गिलाव्याचा कारागीर. त्याच्या भिंतीला ओळंबा लावला तर दोरा कुठे सुटत नसे. कुवेतमध्ये शेवटची नऊ वर्षं आम्ही खैतानमधल्या एकाच खोलीत काढली. सहा माणसं, एक एसी, एक फ्रिज.

वायर जुनी, ब्रेकर लहान. एसी आणि फ्रिज एकदम चालले की ब्रेकर पडायचा. घरमालकाला चारदा सांगितलं. बदलला नाही.

उन्हाळ्यात अकरा ते चार बाहेरचं काम बंद. कायदा चांगला आहे, पण पन्नास अंशांतून यायचं ते त्या खोलीत. म्हणून दुपारी एसी चालू, फ्रिज बंद. हा नियम माझाच. वयाने मी मोठा होतो.

फ्रिजात तुळशीदासचं इन्सुलिन होतं. बंद फ्रिज काही तास गार राहतो, पण दार उघडलं नाही तर. त्याने दाराला सुतळी बांधली.

"फाशी दिलीस काय रे फ्रिजला?" दापोलीचा यूसुफ म्हणाला.

"हस तू. माझो जीव आसा त्यात."

"मग जिवाला सांग, एक ग्लास गार पाणी दे."

सुतळी रोज सुटलेली असायची. तहानलेल्या माणसाला काय बोलणार?

जुलैत मी त्याला म्हटलं, "बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेव."

"मामा, चलात ना?"

"डॉक्टरान गार ठेवूक सांगितल्यान ना? मगे?"

तेव्हापासून पहाटे बाटली दगडासारखी निघायची. तो ती काखेत धरून वितळवायचा, टोचून घ्यायचा आणि कामाला निघायचा. एक दिवस चुकवला नाही. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं, हे आम्हा सहांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

त्याची तहान वाढली. तहान सगळ्यांनाच होती, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. बुटाने टाच सोलली. पाच आठवडे तो त्या टाचेवर परांचीवर उभा राहिला. भिंत तेव्हाही सरळच होती. मी रोज बघत होतो.

ऑगस्टअखेर ताप आला. दवाखान्यात डॉक्टरांनी बाटली कुठे ठेवता ते विचारलं. त्याने सांगितलं. कोणाच्या सल्ल्याने, ते सांगितलं नाही. मी बाजूलाच उभा होतो.

पाय गुडघ्याखाली कापला. कंपनीने व्हिसा रद्द करून तिकीट दिलं.

पुढच्या वर्षी मीही निवृत्त होऊन आलो. महिन्यातून एकदा त्याच्याकडे जातो. तो पडवीत बसलेला असतो. गावातही वीज जाते. त्याची बायको रत्नमाला बाटली ओल्या वाळूत, मातीच्या मडक्यात ठेवते. औषध टिकतं. पाय गेलेला आहे. दुसऱ्या पायाची बोटंही आता काळी पडू लागली आहेत.

मागच्या खेपेला म्हणाला, "यूसुफाचो फोन येता?"

"येता."

"ब्रेकर बदलल्यानी?"

"नाय."

"आणि फ्रिज?"

"दुपारचो बंदच."

त्याने मान हलवली. मग आम्ही चहा प्यायलो.