बुटकीची वाटणी

गाडी खडखडत असेल तर भिंतीच्या अलीकडे न्यायची, आणि ठोकून आणली असेल तर पलीकडे. गल्लीत कुणालाही विचारा, हेच सांगतील. अलीकडे पिस्टन, पलीकडे पत्रा. दोघे सख्खे भाऊ. नावं गल्लीनेच ठेवलेली. धाकटा इंजिनाचा मेकॅनिक म्हणून पिस्टन, आणि थोरला डेंटर, चेपलेली गाडी ठोकून सरळ करणारा, म्हणून पत्रा. वडिलांच्या एका गॅरेजची दोन गॅरेजं करणारी ती मधली भिंत मात्र दोघांनी निम्म्या निम्म्या विटा आणून बांधली. बापामागे त्यांनी एकमताने केलेलं काम तेवढंच.

पिस्टन इंजिनाशी लाडाने बोलायचा आणि माणसांशी पाना फेकून मारल्यासारखा. गिऱ्हाइकाने 'गाडी कधी मिळेल' विचारलं की 'झाली की मिळेल'. बायकोने 'जेवता का' विचारलं की 'हात काळे दिसत नाहीत का'. वाईट नव्हता बिचारा. हट्टी होता, आणि हट्टी माणसाला जगातलं सगळं कळतं, आपण हट्टी आहोत एवढं सोडून.

भावाभावांत बिनसलं ते एका गाडीवरून. वडिलांनी ऐन उमेदीत भंगारवाल्याच्या आवारातून एक मोडकी स्पोर्ट्स कार ओढून आणली होती. दोन माणसांची, बिनछपराची, आणि इतकी बुटकी की दार गुडघ्याला लागायचं. घरात तिला बुटकीच म्हणत. कितीतरी वर्षं सुटीच्या दिवशी बापलेक तिघे तिच्यात डोकं घालून बसत. थोरला पत्र्यावर, धाकटा इंजिनावर, आणि बाप दोघांना शिव्या घालायला. ती पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा वडिलांनी दोघांना एकाच सीटवर कोंबलं आणि गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर अशी पळवली, की थोरल्याने धाकट्याच्या शर्टाला घट्ट धरून ठेवलं होतं. शर्ट फाटला. घरी आल्यावर मार थोरल्याने खाल्ला.

मग वडील अंथरुणाला खिळले. थोरला पाय चेपत होता तेव्हा त्याला म्हणाले, 'बुटकी तुझीच हो.' धाकटा औषध पाजत होता तेव्हा त्यालाही म्हणाले, 'बुटकी तुझीच हो.' मरणाऱ्याला घरात शांतता हवी असते, मागचं निस्तरायचं त्याच्या वाट्याला येत नाही. वडील गेले आणि शब्दाला शब्द वाढला. तू खोटारडा, तूच खोटारडा. शेवटी मामाला बोलावलं.

मामा फटकळ. ऐकून ऐकून त्याचं डोकं पिकलं. "एवढंच असेल तर करवत आणा," तो म्हणाला. "तू डेंटर ना? तू बॉडी घे. तू मेकॅनिक ना? तू इंजिन घे. आणि बसा दोघं अर्धी अर्धी गाडी चालवत."

मामा हे लाजवायला बोलला होता. पण लाजायला कुणी तयार नव्हतं. दोघे एकदमच म्हणाले, "चालेल."

मामाने कपाळाला हात लावला. पुढे जगला तोवर तो म्हणायचा, "मी चेष्टा केली आणि त्या गाढवांनी निवाडा समजला." पण त्या दिवशी तो घरी जायला उठला तेव्हा इंजिन उतरायला सुरुवातही झाली होती. एकाने नट सैल केले, दुसऱ्याने साखळी ओढली, कुणी कुणाशी बोललं नाही. रेडिएटर इंजिनाचा की बॉडीचा, यावरून पुन्हा जुंपली. तो बॉडीला पकडलेला असतो म्हणून पत्र्याने ठेवून घेतला. पिस्टनने मग इंजिन थंड ठेवायला पाण्याचं पिंप लावलं, पण मागायला गेला नाही.

पिस्टनचा हिशेब सरळ होता. इंजिनाशिवाय ती पेटी घेऊन दादा करतो काय? येईल नाक घासत. पलीकडे पत्र्याचाही हिशेब तोच असणार, एका बापाची पोरं. दोघांचेही केस पिकले, नाक कुणी घासलं नाही.

इंजिन बसून राहिलं तर आतून धरतं, जाम होतं. म्हणून पिस्टन दर रविवारी सकाळी ते लोखंडी घोडीवर, म्हणजे ज्या सांगाड्यावर ते ठेवलं होतं त्यावरच, सुरू करायचा. आधी खोकायचं, मग घुमायला लागायचं, आणि त्या आवाजाने भिंतीवरचे पाने थरथरायचे. तेवढा वेळ पलीकडची ठोकाठोक थांबायची. पिस्टन मनात म्हणायचा, जळतोय. मग मुद्दाम आणखी थोडा वेळ चालू ठेवायचा. आठवड्यातलं त्याचं सुख ते एवढंच.

पुढे पुढे इंजिन बंद केलं की पलीकडचा खोकला ऐकू यायला लागला. रंगाच्या फवाऱ्याने थोरल्याची छाती गेली होती. बायको एकदा म्हणाली, "भाऊजींचा खोकला बरा वाटत नाही. जाऊन या ना एकदा."

"त्याला तोंड आहे," पिस्टन म्हणाला. "बोलवायचं असेल तर बोलवेल."

या दोन तुकड्यांवर डोळा ठेवून होता तो दातांचा डॉक्टर. जुन्या गाड्यांचा शौकीन. तरुणपणी त्याने अशीच एक दोन सीटची गाडी विकली होती, पोरं झाली, मागची सीट हवी म्हणून. तेव्हापासून त्याच्या जिवाला चैन नव्हतं. सुटीच्या दिवशी तो आपल्यासारख्याच दोघाचौघांना घेऊन पिस्टनकडे चहाला येऊन बसायचा आणि मग रडगाणं सुरू. एकाने घराच्या दुरुस्तीसाठी विकलेली, एकाने बायको रोज टोमणे मारते म्हणून. एकाने तर विकलीही नव्हती. समोर उभी होती, मालक देत होता, आणि हा 'उद्या सांगतो' म्हणून घरी गेला. दुसऱ्या दिवशी गाडी नव्हती. सांगताना त्या भल्या माणसाचे डोळे भरून यायचे.

पिस्टनला हसू यायचं. "सख्खं माणूस गेल्यावर रडत नाहीत हो लोक एवढे," तो म्हणायचा. "विकायची कशाला मग?"

डॉक्टर दरवेळी विचारायचा, "तुमचं इंजिन देता का?" पिस्टनचं उत्तर ठरलेलं, "आधी पलीकडे विचारा." पलीकडेही हेच उत्तर मिळत असावं. डॉक्टर लाकडाच्या ठोकळ्यासारखं तोंड करून निघून जायचा.

एकदा तो एकटाच आला. चहा नको म्हणाला. "तुमच्या थोरल्यांनी होकार दिलाय," तो म्हणाला. "बॉडी उचलतोय मी. आता तुमचं काय ते सांगा."

पिस्टनच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. एवढी वर्षं ताणून धरलं, आणि याने विकून टाकली? निरोप नाही, 'काय रे, देऊ का' नाही, काही नाही. बापाची गाडी. खरं तर पंचवीस पावलं चालून गेला असता तर खरंखोटं तिथल्या तिथे कळलं असतं. भिंतीवर पाना आपटून विचारलं असतं तरी कळलं असतं. पण न बोलण्याची सवय झाली की खोटं बोलणाऱ्याचं फावतं. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, हे पिस्टन दुसऱ्यांना किती वेळा तरी ऐकवायचा.

"न्या," तो म्हणाला. "आजच न्या."

डॉक्टर शहाणा. त्याने टेम्पो सोबतच आणला होता. तो शनिवार होता. इंजिन टेम्पोत चढलं, ताडपत्रीखाली गेलं, आणि रिकाम्या घोडीकडे बघत पिस्टन अंधार पडेपर्यंत बसून राहिला. बायकोने जेवायला हाक मारली. त्या दिवशी तो हातांवरून काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेज उघडायला तो गेलाच नाही. जाऊन करणार काय? मागच्या खोलीत पडून राहिला. दार वाजलं. बायकोने उघडलं आणि धावत आत आली.

"भाऊजी आलेत," ती कुजबुजली. "दारात उभे आहेत."

भिंत बांधल्यापासून थोरल्याने या दारात पाय ठेवला नव्हता. त्याचं घर मागच्या गल्लीत. यायचं तर सगळा वळसा घालून यावं लागे. पिस्टन उठून बसला. आधी वाटलं, जावं. मग वाटलं, आता आलाय, विकून झाल्यावर. जिरवायला आलाय. आणि त्याहूनही आत कुठेतरी हे टोचत होतं, की आपणही रात्र पडायच्या आत विकून मोकळे झालो. कुठल्या तोंडाने समोर जायचं?

"सांग, घरी नाही."

"अहो, असं काय करता? एवढे दम लागून आलेत."

"सांग म्हणतो ना."

ती गेली. बाहेर काही बोलणं झालं, दोन शब्दांचं. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग खोकला, आणि तो हळूहळू गल्लीच्या टोकाकडे जात गेला. पिस्टन कान देऊन ऐकत होता. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत उठून हाक मारायला भरपूर वेळ होता.

त्याच आठवड्यात पलीकडे टेम्पो लागला आणि बॉडी गेली. पिस्टनने ताडपत्रीखालचा आकार ओळखला आणि म्हणाला, "बघ, विकलीच होती." दादाने आधीच विकली होती तर बॉडी इतके दिवस तिथेच कशी, हा प्रश्न त्याला पडला नाही. राग असा सोयीचा असतो.

त्यानंतर भिंतीच्या दोन्ही बाजूंना काहीच उरलं नाही. अलीकडून इंजिनाचा आवाज नाही, पलीकडे थांबायला ठोकाठोक नाही. थोरल्याने काम बंद केलं, असं गल्लीत कळलं. मग दवाखान्यात ठेवलंय, असं कळलं. पिस्टन म्हणाला, निरोप आला की जातो. निरोप आला तो गेल्याचाच.

सगळं आटोपल्यावर, येणारीजाणारी माणसं कमी झाल्यावर, पिस्टन एकटा वळसा घालून मागच्या गल्लीत गेला. वहिनीने त्याला आत बसवलं, चहा ठेवला. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"वहिनी," तो म्हणाला, "दादाने माझ्या आधी विकली ना? मला एकदा सांगायचं तरी."

वहिनीला कळेचना. "आधी कुठली? डॉक्टर आले होते सांगत, की तुम्ही इंजिन दिलंत म्हणून. ह्यांनी विश्वास ठेवला नाही. म्हणाले, थापा मारू नका, रविवारी ऐकतो ना मी. हातोडी बाजूला ठेवून ऐकत बसायचे ते. मला म्हणायचे, आज सूर बरोबर लागलाय, आज जरा खोकतंय. तुम्ही जास्त वेळ चालू ठेवलंत की खूश असायचे."

पिस्टनने कप खाली ठेवला.

"मग त्या एका रविवारी इंजिन वाजलंच नाही," वहिनी म्हणाली. "चहा तसाच टाकून उठले. म्हणाले, त्याला काही झालं तर नाही ना, बघून येतो. मी म्हटलं, गाडीचं विचारून या. तर म्हणाले, गाडी गेली खड्ड्यात. धाप लागत होती, तरी गेले."

"आणि?"

"आले लगेच. मी विचारलं, भेटले का? म्हणाले, घरी नाही म्हणतात, पण चपला दारातच आहेत. म्हणजे आत आहे." वहिनीने पदराने तोंड पुसलं. "मी चिडले हो. म्हटलं, घरात असून नाही म्हणून सांगितलं? तर म्हणाले, असू दे. काही झालेलं नाही ना त्याला, बस झालं. आणि जेवायला वाढ म्हणाले."

पिस्टन तोंडातल्या तोंडात दादा, दादा म्हणत राहिला. वहिनी त्याच्यासमोर बसून होती, आणि तिने त्याला थांबवलं नाही.