ढोलकीच्या मागं पडलेला राजा

हेमराजले एका जागी बसवत नाही. अर्जुनी मोरगावच्या बसस्टँडमागं त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, तिथं तो जेवतोही उभ्यानंच. पण दोस्तानं हाक मारली तर विहिरीत उतरंल, अन् त्याचा दोस्त म्हणजे चैतराम.

चैतराम शेतकरी, अन् गावच्या दंडारीतला राजा. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, तेव्हा दंडार, म्हणजे गावचं नाचगाण्याचं नाटक, उभी राहते. गावाचा नियम असा का मंडईत ज्यानं पार्ट केला, पुढच्या सालीही पार्ट त्याचाच. औंदा चैतराम ट्रॉलीवरून पडला, पाय प्लास्टरात. इंद्रकुमारची नजर कधीपासून त्या मुकुटावर होती.

"मी खाटेवरूनच पार्ट करतो," चैतराम बोलला. "तू पडद्यावर दाखव. ढोलकी अन् मागून पद गाणारे झिलकरी समोर जित्ते राहतीन."

हेमराजनं हो म्हटलं. विचार मंग केला.

चैतरामच्या बायकोनं, शामकलानं, नव्या फोनवर शूटिंग केली. मंडईच्या दुपारी हेमराजनं समाजमंदिराच्या खिडक्यायले ताडपत्री बांधली, प्रोजेक्टर मागून आणला अन् दंडार मंडळाचा जुना चपटा कॉम्प्युटर जोडला. लोक यायच्या आधी मंडळाचे म्होरके केशोराव बोलले, "एक डाव चालवून दाखव गा."

चालवला. राजानं तोंड उघडलं अन् ते उघडंच राहिलं. आवाज पुढं निघून गेला. दुधरामची ढोलकी आवाजामागं धावली, तेवढ्यात चित्र उडी मारून तिसऱ्याच जागी पोचलं.

"राजाले उचकी लागली का गा?" इंद्रकुमार मागून बोलला.

"तुले लागंल थांब," हेमराज बोलला.

"रॅम कमी असंल," केशोराव बोलले. कॉम्प्युटर अडकला का सारं गाव हेच बोलते.

हेमराजही सकाळी हेच बोलला होता, अन् दुसरी रॅम घालून बसला होता. आता त्यानं पाहिलं, तर रॅम अर्धी रिकामी, प्रोसेसर मात्र शंभर टक्क्यावर. नव्या फोननं व्हिडीओ नव्या पद्धतीनं दाबून भरलेला. तो उलगडायचं काम जुना प्रोसेसर एकटाच करून राहिला, अन् त्याचा दम तुटून राहिला. ते ओझं उचलाले ग्राफिक कार्ड पाहिजे, तेही ही पद्धत समजणारं. व्हिडीओच बदलून घ्यायचा तर ह्या मशीनले रात्र पुरणार नव्हती.

कार्ड होतं. दुकानातल्या त्याच्या मशीनमधी. तिचं पॉवर सप्लाय जळलं होतं, म्हणून अख्खी मशीन आणून उपयोग नव्हता. हेमराज गाडीवर गेला, कार्ड उपटून आणलं. जागेवर बसवलं, तर चपट्या डब्याच्या बाहेर बोटभर वर आलं. झाकण लागंना, अन् मावत नाही म्हणून कार्डाची लोखंडी पट्टी काढली, तर आता ते पक्कं कराले स्क्रू कशाले मारायचा?

लोक भरले होते. इंद्रकुमारनं मुकुट हातात घेतला. "केशोकाका, मी उभा राहतो. कायले गावाचं हसं करता?"

"खाली ठेव तो," हेमराज बोलला. "काका, एक डाव द्या."

केशोरावनं ढोलकीवाल्याकडं पाहिलं. दुधरामनं 'द्या' म्हणून मान हलवली.

हेमराज खाली मांडी घालून बसला, दोन बोटांनी कार्ड सरळ धरलं अन् दुसऱ्या हातानं बटन दाबलं. राजा बोलला. ओठ अन् आवाज संगंच. झिलकऱ्यायनं पद उचललं, ढोलकी त्याच्या मागं न जाता बरोबर चालली. बोटायले कार्डाचा चटका बसून राहिला, मुंग्या आल्या, मच्छर चावला. बोट सुटलं का राजा गेला, म्हणून हेमराजनं खाजवलंही नाही. शेवटच्या पदाले बाया टाळ्या वाजवून राहिल्या होत्या.

केशोरावनं इंद्रकुमारच्या हातून मुकुट घेतला अन् कपड्यात गुंडाळून हेमराजपाशी दिला. "चैतरामच्या घरी पोचवजो. म्हणावं, पुढच्या साली पायावर ये."

चैतराम खाटेवर जागा होता. "अडकलं नाही ना कुठं?"

"नाही."

"खोटं नको बोलू, बे."

"चौथ्या पदात अडकलं. पण तिथं दुधराम चुकला, मशीन नाही."

"तिथं मीच चुकलो होतो शूटिंगमधी," चैतराम बोलला, अन् मुकुट गुडघ्यावर ठेवून प्लास्टराची कड खाजवत बसला.