नक्कल करून दाखवा

आमच्या घरात एकच नियम कडक होता. बाहेर तोंड उघडायचं न्हाई. माझे वडील अहमदपूरच्या मोंढ्यात हमाल होते. एका सुगीत त्यांनी मुकादमाला चारचौघांत सांगितलं की, भर उन्हात जेवायला तरी घटकाभर सुट्टी द्या. मुकादम हसला. वडलांच्या खांद्यावर हात ठेवला. आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला त्यांना हाक मारायचं बंद केलं. ती सुगी आईनं लोकांच्या रानात खुरपण करून काढली. थोरल्या भावाची शाळा सुटली आणि तो स्टँडसमोरच्या हॉटेलात कपबशा धुवायला लागला. मी तेवढी शिकत राहिले. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुठंही छाती काढून सांगते. लातूरला लॉ केलं, सनद घेतली, नांदेडला कोर्टाजवळ टेबल मांडलं. पोट भरायला धंदा निवडला तोच मुळी तोंड उघडण्याचा.

म्हणून दगडूमामा ऑफिसात येऊन बसले आणि म्हणाले, "ताई, पोरीला जरा तोंड बंद ठेवायला सांगा," तेव्हा मला ते वाक्य नवीन नव्हतं.

दगडूमामा इस्लापूरकडचे. सेंट्रिंगचं काम करतात. म्हणजे स्लॅब टाकायच्या आधी खालून फळ्या आणि बल्ल्या ठोकायच्या. त्यांची मुलगी करुणा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेजचं नाव सांगत नाही. नांदेडपासून फार लांब नाही एवढंच समजा. करुणा तिथल्याच मुलींच्या हॉस्टेलात राहायची. ती बापाच्या मागं उभी होती आणि बस म्हटलं तरी बसत नव्हती.

झालं होतं असं. हॉस्टेलची पाण्याची टाकी कधी भरायची, कधी नाही. मुली रस्ता ओलांडून हातपंपावर बादल्या घेऊन जायच्या. तक्रार घेऊन प्राचार्यांकडं गेल्या की दर वेळी एकच ठरलेलं उत्तर मिळायचं. मग गॅदरिंग आलं. करुणानं एकपात्री केली. लहानपणापासून वस्तीत जयंतीच्या कार्यक्रमात ती नकला करायची, स्टेजची भीती नव्हतीच. एकपात्रीत प्राचार्य हॉस्टेलवर पाहणी करायला येतात आणि मुलींना पाण्याबद्दल समजावतात. हॉल डोक्यावर घेतला पोरांनी. पहिल्या रांगेत बसलेले संस्थेचे अध्यक्षसुद्धा पोट धरून हसले. माझ्या मते प्राचार्यांना खरं लागलं ते हे.

लगेच करुणाच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. तुम्हाला शिक्षा का करू नये ते सांगा, असं विचारणारा कागद म्हणजे कारणे दाखवा नोटीस. आधी विचारायचं, मग शिक्षा करायची, हा त्याचा अर्थ. इथं शिक्षा आधीच झाली होती. करुणा निलंबित. वर्गात बसायचं नाही, हॉस्टेलात राहायचं नाही, परीक्षेचं हॉलतिकीट मिळणार नाही. वरून तोंडी दम असा की, टीसी देऊ आणि त्यावर वर्तन असमाधानकारक असा शेरा मारू. तसा शेरा असलेल्या मुलीला दुसरं कॉलेज दारात उभं करत नाही.

परीक्षा तोंडावर होती. हायकोर्टाच्या खंडपीठात जाता आलं असतं. केस चांगली होती. संविधानातलं बोलण्याचं स्वातंत्र्य कॉलेजच्या गेटवर काढून ठेवायची वस्तू नाही, हे मी तिथं तासभर सांगू शकले असते. पण निकाल लागेपर्यंत पेपर थांबत नाहीत. आणि वर्ष गेलं असतं तर दगडूमामांच्या भावकीत करुणासाठी स्थळ तयारच होतं. ते तिनंच मला सांगितलं, बाप चहा सांगायला खाली गेल्यावर.

मी आधी प्राचार्यांना भेटायला गेले. निम्मी भांडणं भेटून मिटतात. माणूस वाईट नव्हता. तेही खेड्यातून, गरिबीतून वर आलेले. बोलताना डोळे मिटायचे, दोन्ही हातांनी बेल्ट धरून पँट वर ओढायचे, वाक्याआधी खाकरायचे.

"मॅडम, पोरीनं भर स्टेजवर माझी इज्जत काढली."

"सर, नेमकं काय बोलली ती?"

"अख्ख्या हॉलनं पाहिलंय. विषय संपला."

मी मान खाली घालून पर्समध्ये पेन शोधायला लागले. करुणानं आदल्या दिवशी माझ्या ऑफिसात ती एकपात्री करून दाखवली होती, आणि तिच्यात शेवटचे दोन शब्द असेच, याच सुरात यायचे.

प्राचार्यांनी तडजोड सांगितली. मुलीनं माफीनामा द्यावा, आम्ही पुढचं बघू. मसुदा त्यांच्या ऑफिसनं टाइप करून ठेवलेला होता. मी म्हटलं, माफीनामा दिला तर परीक्षेला बसू देऊ, एवढं तुम्हीही लिहून द्या. ते म्हणाले, तसं लिहून देण्याची पद्धत नाही.

वकील म्हणून सांगते, मी माफीनाम्याच्या विरोधात नाही. अशिलाचं वर्ष वाचत असेल तर मी दहा माफीनामे लिहून देईन. पण माफीनामा म्हणजे गुन्हा कबूल. समोरचा काहीच देत नसताना कबुली द्यायची म्हणजे फासाचा दोर आपणच नेऊन द्यायचा. शिवाय त्या मसुद्यात एक वाक्य मधेच घुसवलेलं होतं. वसतिगृहात पाण्याची कोणतीही अडचण नाही.

माझ्या ऑफिसात मी मसुदा वाचून दाखवला, तर दगडूमामा म्हणाले, "लिहून दील ती. पेपर होऊ द्या ताई, आपल्याला काय करायचं पाण्याचं."

करुणा पहिल्यांदा नीट बोलली. "मॅडम, नक्कल केली त्याची माफी मागते. सरांच्या पाया पडते. पण पाणी हाय असं म्या लिहून द्यायची न्हाई. माझ्या रूममधल्या पोरी अजून हापश्यावरच जाऊन राहिल्या."

बाप तिच्याकडं बघत बसला. मी मसुदा घडी घालून फाइलमध्ये ठेवला आणि कॉलेजला लेखी मागणी केली की, रीतसर सुनावणी घ्या.

करुणा आणि दगडूमामांना घेऊन सुनावणीला गेले तर समितीचे अध्यक्ष म्हणून खुद्द प्राचार्य बसलेले. मला बघून म्हणाले, वकिलाला परवानगी नाही. मी म्हटलं, मी वकील म्हणून आलेच नाही. तुमच्याच नियमात विद्यार्थ्याला पालक आणि सोबत एक माणूस आणता येतो. पालक हे, सोबतचा माणूस मी. मग दुसरी हरकत घेतली. ज्याची तक्रार आहे त्यानंच निकाल द्यायचा नसतो. याला नैसर्गिक न्याय म्हणतात. शब्द मोठा आहे, पण गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनाही तो कळतो. बॅटिंग करणारा अंपायर होत नाही.

थोडी कुजबुज झाली. शेवटी उपप्राचार्य मॅडम अध्यक्ष झाल्या आणि प्राचार्य उठून तक्रारदाराच्या खुर्चीवर, साक्षीदारांच्या बरोब्बर समोर येऊन बसले. उपप्राचार्य मॅडम केमिस्ट्रीच्या. रिटायरमेंटला आलेल्या. कुणाचं भ्या नाही आणि कुणाशी गोडीगुलाबी नाही, असा स्वभाव.

आरोप वाचला गेला. आक्षेपार्ह हावभाव व अपमानास्पद उद्गार. मी विचारलं, कोणते हावभाव? कोणते उद्गार? नोटिशीत एकही शब्द दिलेला नव्हता. ज्याला उत्तर द्यायचं ते काय आहे हेच माहीत नसेल, तर मुलगी उत्तर कशाचं देणार?

मॅडमनी व्हिडिओ मागितला. व्हिडिओ नव्हता. गॅदरिंगमध्ये दंगा नको म्हणून मोबाइल हॉलच्या दारात जमा करून घ्यायचा आदेश खुद्द प्राचार्यांनीच काढलेला.

प्राचार्य म्हणाले, "मग तिलाच करू द्या. पाहा तुम्हीच."

करुणा उठायलाच लागली होती. मी तिचा हात धरून खाली बसवलं. जिच्यावर आरोप आहे तिच्याकडूनच पुरावा मागायचा नसतो, हे मी समितीला सांगितलं. मॅडमनी मान हलवली आणि पहिला साक्षीदार बोलावला. क्रीडाविभागाचे शिंदे सर.

"काय केलं तिनं?"

"नक्कल केली मॅडम."

"कशी?"

"म्हणजे… सरांसारखी."

"शिंदे सर, मला मिनिट्समध्ये नेमकं लिहावं लागतं. करून दाखवा."

शिंदे सरांनी प्राचार्यांकडं पाहिलं. प्राचार्यांनी शिंदे सरांकडं. "मला न्हाई येत मॅडम. मी आपला खेळाचा माणूस."

दुसरे साक्षीदार बिराजदार सर, गॅदरिंगचे प्रमुख. दरवर्षी कॉलेजची एकांकिका हेच बसवायचे, म्हणजे येत नाही म्हणायची सोय नव्हती. ते उठले. दोन्ही हात बेल्टपर्यंत नेले. तेवढ्यात समोर नजर गेली. हात तसेच कमरेवर राहिले.

"माझी कंबर धरून राहिली मॅडम सकाळपासून," असं म्हणून ते खाली बसले.

इथं मला एक गोष्ट साफ करायची आहे. कोर्टाच्या कँटीनमध्ये आता ही हकीकत अशी सांगतात की, मी हा सापळा आधीच रचून ठेवला होता. खोटं आहे. आरोप मोघम आहे म्हणून नोटीस रद्द करा, एवढंच मागायला मी गेले होते. पुढं जे झालं ते प्राचार्यांनी स्वतः केलं.

ते वैतागले. "काय लावलंय तुम्ही," म्हणत उभे राहिले. "एवढं काय अवघड हाय त्यात. मी सांगतो. ही पोरगी अशी आली." त्यांनी डोळे मिटले. दोन्ही हातांनी बेल्ट धरून पँट वर ओढली. खाकरले. "आणि म्हणली, पाण्याचं आम्ही बघून राहिलो, दोन दिवस दम धरा, विषय संपला."

आणि खाली बसले.

शिंदे सर खिडकीतून ग्राउंडकडं बघायला लागले. मॅडमनी लिहून घेतलं, पेन खाली ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "सर, हे तर तुम्ही रोजच करता. तिनं वेगळं काय केलं?"

"वेगळं म्हणजे… लोक हसले."

"आणि हे वाक्य? तुम्ही मुलींना असं बोलला होता?"

"बोललो होतो."

"मग पाणी आलं का?"

प्राचार्य टेबलावरचा ग्लास उचलून पाणी प्यायले. मग बिराजदार सरांकडं वळले. "मी खरंच एवढी पँट ओढतो काय हो?"

बिराजदार सरांनी मॅडमकडं पाहिलं. मॅडमच म्हणाल्या, "हाव सर."

मग प्राचार्यांनी करुणाकडं पाहिलं. माणूस अपमानानं पेटला तर आता पेटणार, नाहीतर विझणार.

"आवाज पण असाच काढलतीस?"

"थोडा जाड काढला होता सर," करुणा म्हणाली.

त्यांना हसू आलं. मोठ्यानं नाही, नाकातून एक फुसकन. पण ते आल्याबरोबर खोलीतल्या सगळ्यांचा श्वास सुटला. शिंदे सर एवढे हसले की शिपाई दार उघडून आत डोकावला.

समितीनं निर्णय तिथंच लिहिला. आरोप सिद्ध होत नाही. निलंबन मागं. माफीनाम्याची गरज नाही. टीसीवर शेरा नाही. मी निर्णयाची सही-शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय खुर्ची सोडली नाही, आणि प्रत घेऊन थेट कॉलेजच्या ऑफिसात जाऊन करुणाचं हॉलतिकीट काढून घेतलं. मोठ्या माणसांचं हसू खरं असलं तरी त्याच्यावर शिक्का नसतो.

दगडूमामा सगळा वेळ कोपऱ्यात हात जोडून बसले होते. बाहेर आल्यावर विचारलं, "ताई, मिटलं का आता?" मी हॉलतिकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं, फोटोवर बोट ठेवलं आणि लेकीला म्हणाले, "लई बोलतीस तू." पण आवाजात राग नव्हता. गेटसमोरच्या गाड्यावर आम्हाला त्यांनी भजी खाऊ घातली आणि मला पैसे काढू दिले नाहीत.

हॉस्टेलची मोटार जळालेली होती, ती त्याच आठवड्यात बदलली. टाकी आता भरते. उन्हाळ्यात एक दिवसाआड, पण भरते.

माझ्याकडं अजून अशी पोरं येतात. कुणी स्टेटस ठेवलेला असतो, कुणी मेसच्या जेवणावर रील केलेली असते. सगळे पहिला प्रश्न विचारतात, माफीनामा कसा लिहायचा? मी सांगते, थांबा. आधी त्यांना विचारा, मी नेमकं काय बोललो? ते लेखी मागा. पुष्कळ साहेबांना ते लिहून देताना हात आखडतो, कारण लिहायला बसलं की कळतं, पोरगं खरं तेच बोललं होतं.

करुणानं सगळे पेपर दिले. ती बी.ए. पास झाली. तिच्या टीसीवर वर्तन चांगले असं लिहिलेलं आहे.