किटले, पाव्हण्यास्नी सांग

आई गेल्या तेव्हा मी कारखान्यातल्या निर्जंतुक खोलीत डोक्यापासून पायांपर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेला होतो. औषधांच्या कारखान्यात आत जाताना फोन बाहेर ठेवावा लागतो, त्यामुळे बातमी माझ्यासाठी बराच वेळ लॉकरमध्ये ताटकळत राहिली. बाहेर आलो तर सुजाताचे, म्हणजे माझ्या बायकोचे, फोनवर फोन येऊन गेलेले. परत लावला, तर ती नुसतं "आई..." म्हणाली. साताऱ्याजवळच्या गावी, सुजाताच्या माहेरी, दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. चहाची वेळ टळली तरी स्वयंपाकघरातून आवाज येईना म्हणून मेहुणा बघायला गेला, तेव्हा कळलं. सुजाता आमच्या इराला घेऊन त्याच संध्याकाळी विमानात बसली. माझा पासपोर्ट नेमका नूतनीकरणाला गेलेला, त्यामुळे मी इथेच राहिलो, आयर्लंडमधल्या ॲडम्सटाउनच्या रिकाम्या घरात. ओळखीची मराठी मंडळी भेटायला येत, डबे आणत आणि हटकून विचारत, "सासूबाईंशी तुमचं जमायचं का हो?" मी "हो" म्हणायचो. पण ते "हो" किती मुश्किलीने मिळवलेलं होतं हे डबा घेऊन आलेल्या माणसाला दारात उभ्याउभ्या कसं सांगणार?

आमचं लग्न झालं तेव्हा मी पुण्याचा, आईबापांशी वाद घालत वाढलेला मुलगा होतो आणि सुजाताच्या घरी सासू जावयाशी थेट बोलत नसे. भांडण नव्हे, मान. जावई दिसला की पदर डोक्यावर, नजर खाली, आणि बोलायचं ते तिसऱ्या माणसाच्या मार्फत. लग्नाच्या पंगतीत आई माझ्यापासून हातभर अंतरावर उभ्या राहून सुजाताच्या काकूंना म्हणत होत्या, "पाव्हण्यास्नी इचारा, अजून जिलबी घेणार का." काकू मला विचारत, मी काकूंना नको म्हणे, काकू ते आईंना सांगत आणि जिलबी पानात पडेच. मला आधी गंमत वाटली, मग कंटाळा आला, आणि पुढे पुढे, खरं सांगतो, वाईट वाटायला लागलं. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली होती. आयती दुसरी आई मिळेल अशी एक भाबडी आशा मी मनात बाळगून होतो, आणि ती मिळालेली आई माझ्याकडे भिंतीवरच्या तसबिरीसारखी बघायची. हात जोडायचे, बोलायचं नाही.

मग सुजाताच्या बाळंतपणासाठी आई इकडे आल्या. जन्मात पहिल्यांदा विमान, पहिल्यांदा थंडी, आणि आल्या आल्या काही दिवसांतच सुजाताचा रक्तदाब असा चढला की डॉक्टरांनी तिला रुग्णालयातच ठेवून घेतलं. बाळंत होईपर्यंत आता घरी सोडणार नाही म्हणाले. भेटायला फक्त नवऱ्याला परवानगी. म्हणजे घरात उरलो मी आणि आई. आणि आमच्या मधला तिसरा माणूस रुग्णालयात!

पहिल्या दिवशी मी सुजाताला भेटून घरी आलो, तर आई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या. लेकीची खुशाली विचारायची तर आहे, पण विचारायची कोणाच्या मार्फत? मग त्यांनी समोरच्या विजेच्या किटलीकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, "किटले, पाव्हण्यास्नी इचार बाई, पोर कशी हाय माजी?"

मला हसू आलं. मी म्हणालो, "बरी आहे आई, जेवली, तुमची आठवण काढत होती." आईंनी किटलीकडे बघून मान हलवली. त्या दिवसापासून आमच्या घराचा कारभार किटलीमार्फत सुरू झाला. "किटले, त्यास्नी सांग, भाकरी झालीय." "किटले, भाईर लई गार हाय, कानाला बांदून जावा म्हणावं." दोन-तीन दिवसांनी मीही किटलीलाच उत्तरं द्यायला लागलो. "किटले, आईंना सांग, पिठलं फर्मास झालंय." पदराच्या आत खांदे हलायचे, म्हणजे हसायच्या बहुतेक. चेहरा मात्र दिसला नाही.

गंमत अशी, की शेजारच्या नॉरीनशी मात्र त्यांचं गूळपीठ जमलेलं. ही आमची सत्तरी ओलांडलेली आयरिश शेजारीण, नवरा गेल्यापासून एकटी, कापडांचे तुकडे जोडून रजया शिवणाऱ्या बायकांच्या गटात जाणारी. तिला मराठी येत नाही, आईंना इंग्रजी येत नव्हतं, आणि कुंपणाशी उभ्या राहून दोघी तासन् तास बोलत. नॉरीन प्रत्येक गोष्टीला "ग्रँड, ग्रँड" म्हणे, म्हणजे छान, झकास. आईंनीही तो शब्द उचलला. भाकरी फुगली की "गरांड", कपडे वाळले की "गरांड". जिची भाषा कळत नाही तिच्याशी अखंड गप्पा, आणि ज्याची कळते त्याच्याशी किटलीमार्फत. मी नाही म्हटलं तरी जरा रुसलोच.

एका सकाळी नॉरीन एक पाकीट घेऊन आली. मला म्हणाली, "तुझ्या सासूच्या हातांना काहीतरी काम दे रे बाबा, नाहीतर काळजीपोटी ती तुझं घर घासून घासून पातळ करेल." पाकिटात बाळासाठी कापडी ठोकळा शिवायचं सगळं सामान होतं. छापील कापड, आत भरायला पांढराशुभ्र कृत्रिम कापूस आणि कृतीचे कागद. आठ छोटे ठोकळे शिवायचे आणि ठराविक कडांना एकमेकांशी जोडायचे. जोड बरोबर बसले, तर तो मोठा ठोकळा आतून बाहेर, बाहेरून आत उलगडत राहतो आणि दर घडीला नवं चित्र दिसतं. कधी मेंढ्या, कधी होडी, कधी दीपगृह, कधी लाल दाराचं घर. एक जोड जरी चुकला, तरी सगळंच अडून बसतं. आईंनी कापड हातात घेतलं, उलटसुलट केलं, कागद पाहिला आणि मुकाट्याने किटलीशेजारी ठेवला. कृती इंग्रजीत होती. त्यांना वाचता येत नव्हती, मला वाचता येत होती पण सुईत दोरा ओवता येत नव्हता. दोघांपैकी कोणालाही ते एकट्याने जमणारं नव्हतं.

तर अशी आमची शिवणशाळा भरली. मी सोफ्यावर कागद घेऊन बसलेला, आई समोर, खोलीच्या पार त्या टोकाला, ओट्याजवळच्या खुर्चीवर, पदर पुढे ओढून. जावयाशेजारी बसणं तर सोडाच, जवळपास बसणंही रीतीत नव्हतं. आमच्या कारखान्यात लिहिलेली कृती म्हणजे वेदवाक्य, त्यामुळे मी अगदी पुरोहिताच्या थाटात एकेक पायरी मराठीत करून सांगे. त्यांनी ठोकळे असे शिवले, की टाका कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते शोधून सापडू नये. तो पांढरा कापूस मात्र त्यांना बिलकूल पटला नाही. "किटले, ह्यो काय कापूस हाय व्हय? फेस हाय नुसता. लेकराच्या वस्तूत घरच्या माणसांचं जुनेर पायजे." गोधडीत घालतात तसं. स्वतःचं एक मऊ पडलेलं हिरवं लुगडं त्यांनी बॅगेतून काढलं, फाडलं. मग जरा घुटमळून म्हणाल्या, "पाव्हण्यांचा एकांदा जुना सदरा असला तर बग." मी हॉट प्रेसमधून, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीपाशी कपडे ठेवायच्या त्या उबदार कपाटातून, माझा निळा चौकडीचा शर्ट आणून दिला. त्याच्याही चिंध्या झाल्या आणि लुगड्याच्या चिंध्यांबरोबर आठही ठोकळ्यांच्या पोटात गेल्या. घरच्या माणसांत मला धरलं होतं, हे मला तेव्हा चटकन कळलंसुद्धा नाही.

मग आली जोडणी. पहिल्या जोडांची चित्रं होती. तो कागद किटलीला टेकवून ठेवला, आईंनी बघून बघून शिवलं. पुढच्या जोडांना नुसता मजकूर. तो मी वाचे आणि हाताने दाखवे, "आता ही कड... आता या बाजूची." त्या पदराआडून माझ्या हाताची दिशा तेवढी टिपत आणि त्या बाजूला सुई घालत. शेवटची गाठ मारून त्यांनी ठोकळा उलगडायला घेतला. तो अर्धा उघडला आणि थांबला. दाबला, फिरवला, पण तो पुढेही जाईना, मागेही येईना. मेंढीचं डोकं होडीवर. त्या दिवशी दुपारी रुग्णालयातून निरोप आला होता, रक्तदाब पुन्हा वाढलाय, वाट बघू नाहीतर शस्त्रक्रिया करू. आई हातातल्या त्या अडलेल्या ठोकळ्याकडे बघत राहिल्या. किटलीलाही काही सांगेनात. मी म्हणालो, "आई, खेळणंच आहे, राहू द्या." त्यांनी जोरात मान हलवली. लेक तिकडे, आणि लेकराची पहिली वस्तू अशी अर्ध्यात अडलेली, हे त्यांना सोसणारं नव्हतं. मी भराभरा कागद पहिल्यापासून वाचायला लागलो. वेदात चूक सापडेना.

आणि मग आई उठल्या. खोली ओलांडून आल्या आणि सोफ्यावर माझ्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल अशा बसल्या. कागदाकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं, मग आपल्या रिकाम्या खुर्चीकडे. पदर मागे घसरला, तो त्यांनी वर घेतला नाही.

"बापू," त्या म्हणाल्या, "समूर बसून कसं व्हायाचं? तुमची डावी ती माजी उजवी की."

किटली लांब ओट्यावर होती. हे वाक्य थेट मला होतं. चित्र बघून केलेले जोड सगळे बरोबर, माझ्या हाताकडे बघून केलेले सगळे उलटे! जगात कुठल्याही दोन शिकाऊ माणसांनी ही चूक केली नसती, कारण ती मुळात शेजारीशेजारी बसली असती. मला हसू आवरेना, त्याही हसायला लागल्या, आणि हसता हसताच डोळे पुसत म्हणाल्या, "माज्या पोरीला काय व्हनार न्हाई न्हवं, बापू?" मी त्यांचा हात धरला. "नाही होणार, आई." मला काहीच माहीत नव्हतं, पण दुसरं काय म्हणणार... मग त्या उसवत गेल्या आणि मी शेजारी बसून एकेक कड बोट ठेवून दाखवत गेलो.

अर्ध्यावर असतानाच रुग्णालयाचा फोन आला आणि मी धावलो. इरा झाली. मी घरी फोन लावला. आजवर त्यांनी माझा फोन कधी उचलला नव्हता, पण त्या दिवशी पहिल्याच घंटेला उचलला. "बापू, बोला." मी म्हणालो, "आई, मुलगी. दोघी सुखरूप आहेत." पलीकडून मग हळूच, "गरांड." घरी आलो तर ठोकळा टेबलावर होता. मी उलगडला. मेंढ्या, होडी, दीपगृह, लाल दाराचं घर, आणि पुन्हा मेंढ्या. कुठे म्हणून अडला नाही.

त्यानंतर आमचं बोलणं थांबलंच नाही. त्या गावी परतल्यावर फोनवर सुजाताशी दोन मिनिटं बोलून म्हणत, "बापूंना दे." पाऊसपाणी, गुडघे, नॉरीन, सगळं मला सांगायचं. सुजाता लटकं रागवायची की आई माझी आहे की तुझी? इराच्या जावळाला आम्ही गावी गेलो, घर पाहुण्यांनी भरलेलं, तर आई पुन्हा पदर पुढे ओढून मेहुण्याच्या बायकोला म्हणाल्या, "पाव्हण्यास्नी इचार, च्या घेणार का." चार माणसांत रीत मोडायची नव्हती. पण पदराच्या आडून एक डोळा माझ्याकडे बघून हसत होता. मीही गंभीर चेहऱ्याने वहिनींना म्हणालो, "सांगा, घेणार." ती आमची शेवटची भेट.

आता आईंना जाऊन काही आठवडे झाले. तेराव्याच्या दिवशी गावाहून इरा फोनवर आली. तिला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र इथल्या पोरांसारखी. "डॅडी, माय क्यूब इज ब्रोकन. आजी विल फिक्स इट, वोंट शी?" मागून सुजाताने फोन काढून घेतला. मी ठोकळा शोधला. सोफ्याखाली होता, घाईत राहून गेलेला. एक कड फाटली होती, इराने ओढून ओढून. फटीतून चिंध्या बाहेर डोकावत होत्या, हिरवं लुगडं आणि निळी चौकडी, इतकी एकमेकांत गुरफटलेली की एक ओढली की दुसरीही येई. नॉरीनकडे गेलो असतो तर तिने चटकन शिवून दिलं असतं. नाही गेलो. आईंनी मागे ठेवलेल्या शिवणाच्या डब्यातून सुई काढली. दोरा ओवता ओवता चहा गार झाला. सोफ्यावर मी माझ्या नेहमीच्या जागी बसलो, शेजारची जागा मोकळी ठेवून. चिंध्या बोटाने आत सारल्या आणि टाके घातले, वेडेवाकडे, ठळक, कुठे सुरू झाले आणि कुठे संपले ते कोणीही सांगेल असे. मग ठोकळा उलगडून बघितला. मेंढ्या, होडी, दीपगृह, घर.

हे कोणाला तरी सांगायला हवं होतं. शेजारी वळलो... आणि मग उठून ओट्यापाशी गेलो. थेट बोलायची सोय आता राहिली नव्हती.

"किटले," मी म्हणालो, "आईंना सांग, उलगडतोय."