सोपे चेंडू

दोन महिने मी आमच्या कोर्टावरच्या एका तरुण खेळाडूला मुद्दाम सोपे चेंडू दिले, ही माझी चूक. व्हीलचेअर टेनिस हा त्याचा पेशा, पण नागपुरात त्याच्याशी खेळायला कोणी नव्हतं. मी सकाळी कोर्टावर जायचो तेव्हा तो एकटाच भिंतीवर चेंडू मारत असायचा आणि एखादा सुटला की स्वतःवरच ओरडायचा, "काहून थांबला गा? चाक फिरव!"

स्पर्धा जवळ आली म्हणून मी त्याच्याबरोबर सरावाला उतरलो. खुर्चीतल्या माणसाला काय पळवायचं, असं वाटून मी प्रत्येक चेंडू त्याच्या उजव्या हातापाशीच टाकत राहिलो. स्पर्धेत समोरच्याने त्याला सारखं डावीकडे पळवलं. पहिल्याच फेरीत हरून तो परतला.

दुसऱ्या सकाळी तो पुन्हा भिंतीसमोर होता आणि सगळे चेंडू डावीकडूनच घेत होता. मला पाहून हसला.

"तुमचा दोष नाही, काका. या वयात तुमच्यानं डावीकडचे फटके होत नसतीन, हे मलेच समजाले पाहिजे होतं."

नुसती मान हलवून मी सुटलो असतो.

"होतात रे," मी म्हणालो. "तुझी कीव आली, म्हणून मुद्दाम मारले नाहीत. चुकलो मी. माफ कर."