डबीतले बहात्तर ठोके

त्या हॉस्पिटलात कुठलंही यंत्र बंद पडलं की नर्सपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांचं निदान एकच असायचं: फ्यूज उडाला. सलाईनचा पंप अडला, फ्यूज. मॉनिटरवर रेघ उमटेना, फ्यूज. खरं म्हणजे त्यातल्या निम्म्या यंत्रांना बदलता येईल असा फ्यूज नसतोच, आणि हे सांगून सांगून तळघरातल्या टेक्निशियनच्या तोंडाला फेस आला होता. शेवटी त्यांनी सांगणं सोडलं आणि लोकांनी त्यांचं नावच फ्यूजकाका ठेवून टाकलं. सत्तावीस वर्षं इमानेइतबारे नोकरी केली की माणसाला काय मिळतं, तर असं एक नाव.

त्यांची खोली तळघरात, लॉन्ड्रीला लागून. चादरी धुण्याच्या वाफेने एक भिंत कायम ओली, म्हणून यंत्रं सगळी दुसऱ्या भिंतीला. टेबलावर भिंग, सोल्डरिंगची दांडी, आणि मेलेल्या मॉनिटरांच्या पोटातून काढून ठेवलेल्या तारांचा एक डबा. ऑक्सिजन मोजायचा चिमटा दुरुस्त झाला की तो आधी स्वतःच्या बोटाला लावून बघायचा, ही या धंद्यातली रीत. काकांच्या बोटाला चिमटा लागला की पडद्यावर ठोके यायचे चौसष्ट. घाई असो, भांडण असो, वरचे साहेब येऊन खेकसून गेलेले असोत, चौसष्ट. वॉर्डातल्या सिस्टर म्हणायच्या, काकांच्या बोटावर घड्याळ लावून घ्यावं.

बायको जाऊन तीन आठवडे झाले, तरी चौसष्टच.

लोक म्हणायचे, धीराचा माणूस आहे. धीर कसला डोंबलाचा. दात काढताना इंजेक्शन दिलं की गाल आपलाच असतो पण आपला वाटत नाही, तसं त्यांचं सगळं अंग झालं होतं. सकाळी उठायचे, डबा भरायचे, तळघरात उतरायचे, यंत्रं उघडायचे. रडू येत नव्हतं. भूक लागली की नाही हेही घड्याळ बघून ठरवायचे. आणि या बधिरपणाच्या तळाशी एक गोष्ट दडवलेली होती. ती त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती.

गोष्ट अशी. बायकोचं हृदय अशक्त झालं होतं. दोन महिन्यांपूर्वी तिला घरी सोडताना हॉस्पिटलने छातीला लावायची एक पट्टी दिली आणि उशाशी ठेवायची एक डबी. पट्टी ठोके आणि श्वास मोजणार, डबी ते आकडे हॉस्पिटलच्या देखरेखीच्या खोलीत पाठवणार. तिथे एक सिस्टर मोठ्या पडद्यासमोर बसायच्या. साठेक पेशंट, साठ चौकोन. आकडा बिघडला की चौकोन लाल, की सिस्टरचा घरी फोन. चौकोन हिरवा असेल तर त्याच्याकडे कोण बघतंय? साठ जणांचं बघायचं म्हणजे लाल तेवढंच बघायचं.

काकूंच्या डबीची एक पिन सैल होती. दिवसातून चार-चारदा संपर्क तुटायचा, चौकोन लाल व्हायचा आणि फोन खणखणायचा. "काकू, बऱ्या आहात ना?" काकू वैतागल्या. "अहो, आख्ख्या हॉस्पिटलची यंत्रं नीट करता, आणि घरच्या डबीने माझ्या डोक्याला ताप," असं त्या सोमवारी सकाळी म्हणाल्या. काकांनी डबी पिशवीत घातली आणि कामावर नेली. संध्याकाळी आणतो म्हणाले.

आता त्या डबीत एक टेस्ट मोड असतो. तो चालू केला की डबी पट्टीचं ऐकत नाही. कंपनीने आत भरून ठेवलेले कुणा धडधाकट माणसाचे दोन मिनिटांचे ठोके ती पुन्हा पुन्हा पाठवत बसते. लाइन नीट चाललीय की नाही, हे बघण्याची सोय. अशा वेळी वरच्या पडद्यावर त्या चौकोनात 'चाचणी' अशी पिवळी पाटी यायची आणि शिट्टी वाजायची. काका दिवसाला पाच-सहा डब्या तपासणार, म्हणजे दिवसभर शिट्ट्या. पडद्यावरच्या सिस्टर कावल्या. "काका, ती पाटी बंद करता येते का हो? कान किटले माझे." काकांकडे पासवर्ड होता. त्यांनी पाटी येणं बंद केलं, सगळ्याच डब्यांचं. त्यालाही दोन वर्षं झाली. सिस्टर खूश, काका खूश. साहेबांना माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी त्यांनी कानाडोळाच केला असता.

पाटीच्या बदल्यात काकांची स्वतःची एक पद्धत होती. डबी टेस्टला लावली की तिच्यावर निळी चिकटपट्टी लावायची. टेस्ट मोड बंद केल्यावरच ती काढायची. सत्तावीस वर्षं मुरलेल्या माणसाची पद्धत, तिच्यात चूक व्हायची नाही.

त्या सोमवारी पिन बसवली, डबी टेस्टला लावली, निळी पट्टी लावली. तेवढ्यात ऑपरेशन थिएटरमधून बोलावणं आलं. तिथे तीन तास गेले. परत आले तेव्हा सहा वाजले होते आणि घरी जायची घाई होती, कारण घरी काकू डबीशिवाय होत्या आणि जिवाला घोर लागला होता. निळी पट्टी ओढून काढली, डबी पिशवीत टाकली. टेस्ट मोड बंद करायचा राहिला. काळजीपोटी घाई केली, आणि घाईत नेमकं तेच राहिलं.

मंगळवार, बुधवार, गुरुवार डबीचा हिरवा दिवा लुकलुकत होता. एकही फोन नाही. काकू म्हणाल्या, "बघा, घरचं काम केलंत तर कसं झकास झालं." बुधवारी त्यांच्या पावलांना सूज दिसली. गुरुवारी म्हणाल्या, जिना चढताना दम लागतोय. काकांनी डबीकडे बोट दाखवलं. "काही असतं तर सिस्टरचा फोन आला असता. हिरवा आहे बघ दिवा." काकू गप्प बसल्या. यंत्रातलं नवऱ्याला कळतं, एवढा त्यांचा विश्वास होता.

शुक्रवारी दुपारी काकांनी घरी फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला. मग ते सरळ घरी निघून आले. एक वाजून गेला होता. काकू खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर घड्या घालायचे कपडे. हात हातात घेतला तर थंडगार. काकांनी तो हात सोडला नाही. दुसऱ्या हाताने देखरेखीच्या खोलीत फोन लावला.

"सिस्टर, माझ्या घरचा चौकोन काय दाखवतोय?"

"बहात्तर, काका. श्वासही नीट. काकू एकदम ठणठणीत आहेत, काळजी नको."

"बरं," काका म्हणाले आणि फोन ठेवला. मग त्यांनी डबी बंद केली. बधिरपणा आला तो तिथून.

गल्लीतले डॉक्टर आले. तीन-साडेतीन तास झाले असावेत, दहाच्या सुमारास गेल्या असतील, असं म्हणाले. पडद्यावरच्या सिस्टरना वाटलं, आपण फोनवर बोललो त्यानंतर गेल्या. हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरांनी पडद्यावरचा आठवड्याचा गोषवारा वरवर पाहिला आणि सांगितलं, अचानकच झालं, आधी काही खूण नव्हती. फक्त फाइलला लावायला डबीतली पूर्ण नोंद काढून द्या. ती काढायची कुणी, तर फ्यूजकाकांनी. तीन आठवडे ते 'देतो, देतो' म्हणत होते. डबी टेबलाच्या खालच्या कप्प्यात होती. एक बटण दाबलं असतं तर ती नोंद कायमची पुसली गेली असती. दोनदा त्यांनी कप्पा उघडला आणि दोनदा लावला.

नोकरीची भीती नव्हती. निवृत्तीला चारच वर्षं तर राहिली होती. भीती होती लेकीची. एकुलती एक, दुसऱ्या शहरात नोकरीला, आणि आईवर जीव. तिला हे कळलं तर ती पुन्हा 'बाबा' म्हणून हाक मारेल का, एवढाच प्रश्न होता. त्यामुळे काका मूग गिळून बसले होते.

पण लेकीलाही स्वस्थता नव्हती. तिने शुक्रवारी सकाळी साडेनऊला आईला फोन केला होता. आई म्हणाली, श्वास जड वाटतोय. लेक ऑफिसच्या गडबडीत होती. तिने आवाज चढवला. बाबांनी मशीन नीट केलंय, ते ठीक सांगतंय, तू उगाच कुरकुर करतेस, जरा चालत जा. आईने फोन ठेवला आणि अर्ध्या तासात ती गेली. तेव्हापासून लेकीच्या डोक्यात एकच घट्ट बसलं होतं: तोवर आई ठीक होती, मशीनच सांगतंय, मी ओरडले आणि तिचं हृदय बंद पडलं. तिने जेवण सोडल्यात जमा होतं. रजेवर रजा वाढवत ती बापाच्या घरातच राहिली होती, आणि रोज एकदा तेच म्हणायची. काका ऐकून घ्यायचे. एका वाक्याने तो दगड तिच्या छातीवरून उतरला असता, आणि तेच वाक्य त्यांच्या तोंडून निघत नव्हतं.

बाविसाव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, ती तळघरात उतरली. लहानपणी यायची तेव्हा याच स्टुलावर बसायची. आता बसली नाही.

"बाबा, आईच्या डबीतला ग्राफ बघायचाय मला."

काकांच्या बोटाला तेव्हा दुरुस्त केलेला चिमटा होता. समोरच्या मॉनिटरवर चौसष्ट.

"कशाला?"

"साडेनऊनंतर काय झालं ते बघायचंय. माझा फोन संपल्यावर लगेच बिघडलं का, की जरा वेळाने. मला ते बघितल्याशिवाय झोप लागणार नाही."

काका कप्प्याकडे वळले. चिमटा काढायचंही भान राहिलं नाही. दुसऱ्या हाताने कप्पा उघडला, डबी छापायच्या यंत्राला जोडली आणि शुक्रवारची नोंद छापायला लावली. कागदाची अरुंद पट्टी करकरत बाहेर यायला लागली. लेक ती दोन्ही हातांत धरून वाचू लागली. नऊ वाजता बहात्तर. साडेनऊला बहात्तर. पावणेदहाला बहात्तर.

"माझ्या फोननंतरही ठीक आहे," ती हळूच म्हणाली. तिच्या जिवात जीव आल्यासारखं दिसलं. दहा वाजता बहात्तर. तिने कागद पुढे ओढला. अकरा. बारा. मग तिचे हात थांबले.

"बाबा, इथे एक वाजलाय."

"हो."

"आई तर दहाला गेली."

"हो."

तिने पट्टी उजेडात धरली. त्या रेघेत एक बारीक उंचवटा होता, कुणी खोकल्यासारखा. दर दोन मिनिटांनी तोच उंचवटा, तसाच्या तसा. टेक्निशियनची लेक ती, तिला समजावून सांगावं लागलं नाही. तरी काकांनी सांगितलं. कामाची नोंद वाचून दाखवावी अशा आवाजात सांगितलं: पिन, टेस्ट मोड, निळी पट्टी, थिएटरमधलं बोलावणं. पिवळी पाटी आपणच बंद केली होती, हेही. "हे आईचे ठोके नाहीत. सोमवारपासून आईचं काहीच कुठे गेलेलं नाही. बुधवारी तिच्या पायाला सूज होती. गुरुवारी दम लागत होता. मी दिवा दाखवला तिला. तुझ्या फोनने काही झालेलं नाही. ते आधीपासून होत होतं, आणि ते कळलं असतं."

लेकीने कागद पुन्हा साडेनऊपर्यंत मागे ओढला. शेजारी लॉन्ड्रीचं यंत्र फिरत होतं.

"मी तिला म्हटलं मशीन ठीक सांगतंय," ती म्हणाली.

"मीही तेच म्हटलं."

मग काहीतरी वाजायला लागलं. दोघांनी वर पाहिलं. काकांच्या बोटाला तो चिमटा तसाच होता आणि मॉनिटरवरचा आकडा लाल होऊन लुकलुकत होता: एकशे एकतीस. काका त्याच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसे बघत राहिले. छातीत काही जाणवत नव्हतं. चेहराही तसाच कोरा होता.

लेकीने आकडा पाहिला, बापाचा चेहरा पाहिला, पुन्हा आकडा पाहिला.

"हा खरा आहे?" तिने विचारलं.

"हो. हा माझा आहे."

तिने अलार्म बंद केला नाही. बापाच्या जवळही गेली नाही. कागदाची पट्टी नीट गुंडाळून तिला रबर लावलं आणि ती दारापाशी जाऊन उभी राहिली.

"डॉक्टरांना तुम्ही सांगणार की मी?"

"मी."

"मग चला, बाबा," ती म्हणाली. काकांनी बोटातला चिमटा काढला. यंत्र एकदम गप्प झालं आणि पडद्यावर सरळ रेघ आली. ते उठून तिच्या मागोमाग जिना चढू लागले.